पाण्याखालचें त्रैराशिक

गणिताचा प्रश्न निघाला कीं घरांतील वडील मंडळी तो मुलांकडे ढकलतात आणि मुलें तो यंत्राकडे ढकलतात, हें आतां घरोघरीं दिसूं लागलें आहे. यंत्र उत्तर देतें, व बहुधा बरोबरच देतें. परंतु त्या उत्तराचा अर्थ काय व त्याची मर्यादा कोणती, हें सांगण्याचें काम त्यानें पत्करलेलें नाहीं. तें काम शेवटीं माणसाच्या बुद्धीलाच करावें लागतें. या महिन्यांत आम्ही ज्या प्रश्नाचा विचार करणार आहों, त्यांत तर उत्तर आणि अर्थ यांमधील अंतर जिवावर बेतण्याइतकें मोठें आहे.

प्रश्न गडचिरोलीच्या एका वाचक भगिनींनीं पाठविला आहे. त्यांची नात पुण्यास अभियांत्रिकीचें शिक्षण घेत आहे. गेल्या वर्षीं ती मैत्रिणींबरोबर मालवणजवळ तारकर्लीस गेली व पाठीवर हवेचें नळकांडें बांधून समुद्रांत बुडी मारून आली. आतां अंदमानांत जाऊन या विद्येचें पुढील शिक्षण घ्यावयाचें तिच्या मनांत आहे. आजीनें भीति बोलून दाखविली तेव्हां नातीनें उत्तर दिलें, "आजी, आम्ही साधी हवा घेणारच नाहीं, नायट्रॉक्स घेणार. त्यानें तीस मीटरांची खोली चोवीस मीटरांसारखी होते. तसें सूत्रच आहे." मुलीच्या वडिलांनीं निर्णय आपल्या आईवर सोंपविला आहे. भगिनी विचारतात, "सूत्रानें पाण्याची खोली कमी कशी होते? आणि खरोखरच कमी होत असेल, तर मी उगाच आडवी कां येऊं?"

समुद्रापासून शेंकडों कोस दूर, साग-मोहाच्या जंगलांत वसलेल्या आमच्या भागांतून हा प्रश्न यावा याचें कोणास नवल वाटेल. पण राजुरा-कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यांना जो चुनखडक पुरविला जातो, तो कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशींच सांचलेला आहे. शिवाय पाणबुड्यांच्या शास्त्राचा एक मोठा धागा कोळशाच्या खाणींतून निघालेला आहे, हें पुढें दिसून येईल. खाणींच्या चंद्रपुरास हा विषय अगदींच परका नाहीं.

प्रथम हवेकडे पाहूं. आपल्या खेड्यांतून जुनी, बंद पडलेली विहीर उपसावयाची असली म्हणजे जाणते लोक आधीं कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर माणूस उतरवीत नाहींत. हवा ही एकजिनसी वस्तु नसून मिश्रण आहे, व त्या मिश्रणाचें प्रमाण बिघडलें तर प्राण जातो, हें ज्ञान त्या रिवाजांत सांठविलेलें आहे. शंभर भाग हवेंत सुमारें २१ भाग प्राणवायु असतो व उरलेले ७९ भाग बहुतांशीं नत्रवायु असतो. प्राणवायु शरीर वापरतें. नत्रवायु नुसता आंत जातो व बाहेर येतो. जमिनीवर त्याचें आपणांस कांहींच सुखदुःख नसतें.

परंतु ज्योत आणि माणूस यांत एक भेद आहे. ज्योत मुख्यतः शेंकडा प्रमाण पाहते. माणसाचें रक्त शेंकडा प्रमाण पाहत नाहीं, दाब पाहतें. मिश्रणांतील प्रत्येक वायु जणूं एकटाच असल्याप्रमाणें आपापला दाब देत असतो, व त्या सर्वांची बेरीज म्हणजे एकूण दाब, हा नियम इंग्लंडांत जॉन डाल्टन यानें एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं मांडला. या एकेका दाबास आपण आंशिक दाब म्हणूं. पुढील सर्व गणित या एका कल्पनेवर उभें आहे.

समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो त्यास एक वातावरण म्हणतात. समुद्रांत दर १० मीटर खोलीस तितक्याच दाबाची भर पडते. दहा मीटरांवर दोन वातावरणें, वीस मीटरांवर तीन, तीस मीटरांवर चार. पाणबुड्याच्या तोंडाशीं असलेलें उपकरण त्याला भोंवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा देतें. न दिली तर छातीचा भाता फुगणारच नाहीं. म्हणजे तीस मीटरांवर तो चौपट दाट हवा घेतो. तींत नत्रवायूचा आंशिक दाब ४ × ०·७९, म्हणजे ३·१६ वातावरणें इतका होतो. जमिनीवर तो ०·७९ होता.

हा वाढलेला नत्रवायु रक्तांत व तेथून चरबी, स्नायु, मज्जा यांत विरघळूं लागतो. जितका दाब अधिक व जितका वेळ अधिक, तितका तो अधिक मुरतो. खालीं असतांना त्याचा फारसा त्रास नाहीं. त्रास वर येतांना होतो. गोटीच्या सोड्याची बाटली फोडली म्हणजे इतका वेळ निमूटपणें विरघळून राहिलेला वायु बुडबुड्यांच्या रूपानें उसळतो, हें प्रत्येकानें पाहिलें आहे. दाब एकाएकीं उतरला तर माणसाच्या अंगांत तसेंच घडतें. सांध्यांत असह्य वेदना, अंग लुळें पडणें, प्रसंगीं मृत्यु, अशीं याचीं फळें आहेत. यासच पाणबुडे बेंड्स म्हणतात.

यावर तोड काढणारे जॉन स्कॉट हॉल्डेन हे मूळचे खाणींचे अभ्यासक. खाणींत स्फोट झाल्यावर मरणाऱ्यांतील बहुतेक जण आगीनें नव्हे, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूनें मरतात, हें त्यांनीं १८९६ सालीं दाखवून दिलें. खाणींत लहान पांखरें किंवा उंदीर नेऊन हवेची परीक्षा करावी, ही सूचनाहि त्यांचीच. त्याच हॉल्डेननीं पुढें बोकडांवर प्रयोग करून, कोणत्या खोलीवर किती वेळ राहिल्यास किती टप्प्यांनीं वर यावें याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. आजचीं सर्व कोष्टकें, आणि पाणबुड्यांच्या मनगटावरील यंत्रेंसुद्धां, त्या विचाराचींच वंशज आहेत. कोष्टकांत दोनच गोष्टी विचारल्या जातात: खोली किती व वेळ किती.

आतां नायट्रॉक्स. नांव परकें असलें तरी वस्तु साधी आहे: नत्रवायु व प्राणवायु यांचेंच मिश्रण, पण प्राणवायु अधिक घातलेलें. प्रचारांत दोन मिश्रणें विशेष आहेत. एकांत प्राणवायु ३२ टक्के, दुसऱ्यांत ३६ टक्के. अमेरिकेच्या 'नोआ' या समुद्र व हवामान पाहणाऱ्या सरकारी संस्थेनें १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या पाणबुड्यांसाठीं ३२ टक्क्यांचें मिश्रण रूढ केलें. पुढें तें हौशी लोकांत पसरलें. प्राणवायु वाढला कीं नत्रवायु तितकाच घटतो, व जो वायु मुरून त्रास देतो तोच कमी झाल्यामुळें बेंड्सचा धोका घटतो. इतका हा सरळ विचार आहे.

पण कोष्टकें तर साध्या हवेसाठीं तयार झालेलीं! प्रत्येक मिश्रणास निराळें कोष्टक करावें कीं काय? येथें आमच्या भगिनींचें सूत्र पुढें येतें. इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतींत भास्कराचार्यांनीं जें त्रैराशिक शिकविलें, त्याहून अधिक विद्या येथें लागत नाहीं. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशि मांडावयाच्या, फलानें इच्छेस गुणावयाचें व प्रमाणानें भागावयाचें.

नातीचेंच उदाहरण घेऊं. खोली ३० मीटर, मिश्रण ३२ टक्क्यांचें. एकूण दाब ४ वातावरणें. नत्रवायूचे भाग ६८. म्हणून नत्रवायूचा आंशिक दाब ४ × ०·६८ = २·७२. आतां विचारावयाचें: साध्या हवेंत इतकाच नत्रवायूचा दाब किती खोलीवर मिळेल? नत्रवायूच्या ०·७९ दाबास हवेचें १ वातावरण, तर २·७२ दाबास किती? २·७२ भागिलें ०·७९, उत्तर ३·४४. यांतील एक वातावरण पृष्ठभागावरील हवेचें. उरलेलीं २·४४ पाण्याचीं. दर वातावरणास १० मीटर, म्हणून २४·४ मीटर. यासच समतुल्य हवा-खोली म्हणावें. इंग्रजींत इक्विव्हॅलंट एअर डेप्थ म्हणतात.

हेंच एका वाक्यांत बांधावयाचें तर असें: खोलींत १० मिळवा, मिश्रणांतील नत्रवायूच्या भागानें गुणा, ०·७९ नें भागा व १० वजा करा. आधीं दहा मिळविणें व शेवटीं दहा वजा करणें कशासाठीं, हें ज्यास कळलें त्यास सूत्र पाठ करण्याचें कारण नाहीं. ते दहा मीटर म्हणजे डोक्यावरील आकाशाचें ओझें होय. पाण्यावरच्या हवेचाहि दाब आहे, तो हिशेबांत घ्यावा व उत्तर पाण्याच्या खोलींत मागितलें असल्यामुळें शेवटीं काढून ठेवावा.

याचा लाभ किती? फुटांत मोजणाऱ्या अमेरिकन नौदलाच्या जुन्या कोष्टकांतून पाहूं. तेथें दहा मीटरांऐवजीं ३३ फूट धरतात. त्यांत साध्या हवेवर ९० फूट खोलीस, वाटेंत न थांबतां वर येतां येईल अशी मुदत ३० मिनिटांची दिलेली होती. ३२ टक्क्यांच्या मिश्रणावर ९० फुटांची समतुल्य खोली ७२·९ फूट येते. कोष्टकांत ७० व ८० अशा ओळी आहेत. येथें जवळचा म्हणून ७० चा आंकडा घ्यावयाचा नाहीं. नेहमीं पुढचा, म्हणजे ८० चा घ्यावयाचा. त्यास मुदत ४० मिनिटें. दहा मिनिटें अधिक मिळालीं. आणि कोणी शहाणा मनुष्य तीं दहा मिनिटें न घेतां ३० मिनिटांतच वर आला, तर तोच लाभ त्यास सुरक्षिततेच्या रूपानें मिळाला.

येथवर नातीचें म्हणणें खरें आहे. भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं पाण्याची खोली तसूभरहि कमी होत नाहीं. फक्त नत्रवायूच्या खात्यांत ती कमी धरली जाते. परंतु हें एका खात्याचें उत्तर झालें. वही येथेंच मिटली तर अनर्थ होईल.

दुसरें खातें प्राणवायूचें. त्या वायूस आपल्या भाषेनें प्राणाचें नांव दिलें, म्हणून तो जितका अधिक तितका बरा, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. पण दाबाखालीं प्राणवायु हेंच विष होतें. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनीं १८७८ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथांत हें दाखविलें. मर्यादा ओलांडली असतां मेंदूवर परिणाम होऊन आकडी येते. जमिनीवर आकडी आलेला मनुष्य बहुधा वांचतो. पाण्याखालीं मात्र तोंडांतील नळी सुटते व मनुष्य बुडतो. आणि ही आकडी कित्येकदां कसलीहि पूर्वसूचना न देतां येते. हॉल्डेन यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं, १९३९ सालीं 'थेटिस' ही पाणबुडी बुडून ९९ माणसें गेल्यावर, दाबाच्या कोठडींत स्वतःच्या देहावर असे प्रयोग केले. एका आकडींत त्यांच्या पाठीच्या मणक्यांस इजा झाली. हेच हॉल्डेन १९५७ सालीं भारतांत आले, येथील नागरिक झाले, व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. आज जी मर्यादा विद्यार्थ्यांना एका ओळींत सांगितली जाते, तिच्यामागें अशीं हाडें मोडलेलीं आहेत.

ती मर्यादा अशी: हौशी पाणबुड्यानें प्राणवायूचा आंशिक दाब १·४ वातावरणांच्या वर जाऊं देऊं नये; १·६ ही अगदीं अखेरची सीमा, तीहि केवळ अडचणीच्या प्रसंगासाठीं. याचें गणित आणखी सोपें आहे. १·४ ला प्राणवायूच्या भागानें भागावें, एक वजा करावा, दहानें गुणावें. ३२ टक्क्यांस ३३·७ मीटर येतात; ३६ टक्क्यांस २८·९ मीटर. साध्या हवेस हीच मर्यादा ५६ मीटरांच्या पलीकडे जाते. म्हणजे नायट्रॉक्स घेऊन अधिक खोल जातां येतें ही जी सामान्य समजूत आहे, ती सत्याच्या नेमकी उलट आहे. त्यानें खोल जाण्याची सीमा अलीकडे येते. मिळतो तो वेळ, खोली नव्हे.

दोन्ही खातीं शेजारीं ठेवून पाहिल्यास धोका कोठें लपतो तें कळेल. तीस मीटरांवर ३२ ऐवजीं ३६ टक्क्यांचें मिश्रण घेतलें तर समतुल्य खोली २२·४ मीटर येते. नुसतें हेंच पाहणारा म्हणेल, "वाहवा, हें तर चोवीसाहूनहि सरस!" पण प्राणवायूचें खातें उघडा: ४ × ०·३६ = १·४४. मर्यादा ओलांडली. ज्या मिश्रणानें पहिला आंकडा अधिक सुखद केला, त्यानेंच दुसरा आंकडा घातक केला. आणि पहिल्या सूत्रांत प्राणवायूचें नांवसुद्धां येत नसल्यामुळें तें सूत्र याबद्दल ब्रहि काढीत नाहीं. सूत्र खोटें बोललें नाहीं. विचारलें तेवढेंच त्यानें सांगितलें.

आतां कोणी म्हणेल कीं हें सर्व मनगटावरील यंत्र करतें. करतें खरें, परंतु नळकांड्यांत काय भरलें आहे तें त्यास पाणबुड्यानेंच सांगावें लागतें. यंत्रास ३२ सांगितलें व नळकांड्यांत ३६ निघाले, तर यंत्र प्राणवायूचा दाब कमी दाखवील. उलट नळकांड्यांत साधी हवाच असली, तर नत्रवायूचा हिशेब कमी लागेल व वर आल्यावर बेंड्सनें गांठावें. म्हणून या विद्येंत असा दंडक आहे कीं नायट्रॉक्सचें नळकांडें घेणाऱ्यानें प्राणवायुमापकानें तें स्वतः तपासावें, आंकडा व खोलीची मर्यादा त्यावर लिहावी, व आपली सही करावी. भरणारा कितीहि विश्वासू असो, हा दंडक मोडावयाचा नाहीं. विहिरींत कंदील सोडणारा मनुष्य विहिरीच्या मालकाचा अपमान करीत नसतो.

आणखी दोन भ्रम दूर केले पाहिजेत. नायट्रॉक्सचें नळकांडें साध्या हवेपेक्षां अधिक काळ पुरतें असें नाहीं. श्वासाचा खर्च खऱ्या खोलीवर ठरतो, समतुल्य खोलीवर नव्हे. तसेंच उथळ पाण्यांत त्याचा कांहीं विशेष उपयोग नाहीं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नवशिक्या प्रवाशांना थोड्या खोलीवर जी बुडी देतात, तींत साधी हवाच पुरेशी. तेथें नत्रवायु मुरण्याची मुदत बुडीपेक्षां कितीतरी मोठी असते. नायट्रॉक्सचें खरें क्षेत्र वीस ते तीस मीटरांचें. महाराष्ट्रांत त्याचें उत्तम उदाहरण विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभरांहून अधिक किलोमीटरांवर समुद्रांत बुडालेलें प्रवाळांचें पठार होय. कान्होजी आंग्रे यांच्या नांवावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखालीं सुमारें वीस मीटरांवर आहे. तेथें २५ मीटरांवर ३२ टक्क्यांचें मिश्रण घेतल्यास समतुल्य खोली २०·१ मीटर, व प्राणवायूचा दाब १·१२. दोन्ही खातीं शिलकेंत राहतात.

आमच्या ताडोब्याच्या तळ्याविषयीं विचारणाऱ्यांस सांगतों कीं सूत्रांतील दहाचा आंकडा खाऱ्या पाण्याचा आहे; गोडें पाणी हलकें असल्यानें तेथें सुमारें १०·३ धरावे लागतील. मात्र त्या तळ्यांत मगरींचें वास्तव्य असल्यामुळें हा प्रश्न कागदावरच सोडवावा हें उत्तम.

राहिला भगिनींचा दुसरा प्रश्न: आडवें यावें कीं येऊं नये? आमचें मत असें कीं भीतीनेंहि अडवूं नये व सूत्रानें दिपूनहि सोडूं नये. नातीस जवळ बसवावें, कागद द्यावा, व तिच्याकडून दोन्ही खातीं मांडून घ्यावींत. तिनें एकच खातें मांडलें तर प्रेमानें म्हणावें, "बाळे, अजून अर्धेंच शिकलीस, उरलेलें शिक, मग जा." तिनें न विचारतां दुसरें खातेंहि मांडलें, तर निश्चिंतपणें निरोप द्यावा. प्रकृतीची तपासणी या विषयांतील माहितगार डॉक्टरांकडून आधीं व्हावी. दमा, आकडी, कानाचे विकार यांपैकीं कांहीं असल्यास तें लपवूं नये. आणि परत येतांना विमानाची घाई नको. वर गेल्यावर विमानांतील दाब जमिनीपेक्षां कमी असतो, व अंगांत उरलेला नत्रवायु तेवढ्यानेंहि उसळूं शकतो; म्हणून अनेक बुड्या झाल्यावर निदान १८ तास जमिनीवर घालवावेत. नायट्रॉक्स घेतला होता म्हणून या नियमांत सूट मिळत नाहीं.

नवी विद्या घरांत आली कीं वडिलांचा अधिकार संपला, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. वडिलांनीं विद्या जाणली नसली तरी "याची दुसरी बाजू कोणती?" हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांचाच आहे, आणि पुष्कळदां तोच प्रश्न उपयोगी पडतो.

आतां बालवाचकांसाठीं या महिन्याचें उदाहरण. एक पाणबुड्या ३६ टक्के प्राणवायूचें मिश्रण घेऊन समुद्रांत २२ मीटर उतरला. त्याची समतुल्य हवा-खोली किती? प्राणवायूचा आंशिक दाब किती? तेथें त्यास ३३ मीटरांवर एक सुंदर प्रवाळ दिसलें. तें पाहावयास त्यानें त्याच नळकांड्यावर उतरावें काय? उत्तर रीतीसह पाठवावें. नुसता आंकडा पाठविणारास निम्मेच गुण मिळतील.